विरघळलेल्या गणपतींचा क्लेम

"मॅडम, या मूर्ती मुळात पाण्यात विरघळण्यासाठीच बनवलेल्या आहेत. त्या विरघळल्या, तर त्याला नुकसान कसं म्हणायचं?"

विमा कंपनीचे वकील प्रधान सर हे वाक्य अगदी शांतपणे बोलले. ठाण्याच्या ग्राहक आयोगातली दुपार होती. नुकतेच जेवून आलेले सगळे जरा सुस्तावले होते. हे ऐकल्यावर मात्र मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, आणि आयोगाच्या अध्यक्ष मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रधान वकील, विरघळायचा दिवस ठरलेला असतो ना? त्याच्या आधी विरघळल्या तर?"

"म्हणूनच मी तो मुद्दा फार ताणत नाही, मॅडम," प्रधान सर म्हणाले. आता सगळेच हसले. प्रधान सर स्वतःही हसले. ते तसेच आहेत. उंच, नीटनेटके, कोटाच्या खिशात कायम इस्त्रीचा रुमाल. समोरच्याला हसवतात आणि तो हसत असतानाच खरा मुद्दा काढतात. तसंच झालं.

"माझा खरा मुद्दा एवढाच आहे की, या मूर्ती तक्रारदार बाईंच्या नव्हत्याच."

माझ्या शेजारी तक्रारदार बसल्या होत्या, वंदनाताई घाडी. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "माझ्या नव्हत्या, तर मी काय त्यांना वारा घालत बसलेले?"

मी ओठांवर बोट ठेवलं. खरं तर मला हसू येत होतं.

मी दामले मॅडमकडे ज्युनियर आहे. दामले मॅडम विमा आणि ग्राहक या विषयातल्या केसेस लढतात, बहुतेक वेळा ग्राहकाच्या बाजूने. ज्युनियरचं काम म्हणजे फाइल लावणं, जुने निकाल शोधणं, अशिलांशी फोनवर बोलणं आणि आयोगात मॅडमच्या मागे बसणं. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. मागे बसलं की सगळे दिसतात आणि आपण कुणाला दिसत नाही.

वंदनाताईंचा ठाकुर्लीला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. त्या आणि त्यांचे यजमान मिळून शाडूच्या मूर्ती करायचे. शेडला लागून एक जुनी चार मजली इमारत. त्या वर्षी गणपती अगदी तोंडावर आलेले असताना त्या इमारतीच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी फुटली. सगळं पाणी शेडच्या पत्र्यावर आलं, पत्रे वाकले, आणि आतल्या मूर्तींवर धबधबा सुरू झाला. शाडूला पाणी लागलं की तो थांबत नाही. पर्यावरणवाले त्याचं कौतुक करतात ते त्यासाठीच. ताई आत धावल्या तेव्हा आधी सोंडा गेल्या होत्या, मग हात. दुपारपर्यंत शेडमध्ये घोट्याएवढा राखाडी चिखल होता आणि त्यावर पाट तरंगत होते.

ताईंकडे फायर पॉलिसी होती. नावात फायर असलं तरी त्यात आग सोडून बऱ्याच गोष्टी येतात: वादळ, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं. सर्व्हेअर आला. सर्व्हेअर म्हणजे नुकसान किती झालं ते मोजायला येणारा माणूस. त्याने फोटो काढले आणि नुकसान खरं आहे असा रिपोर्टही दिला. तरी कंपनीने क्लेम नाकारला. कारण त्या फोटोंमध्ये होतं.

फोटोत प्रत्येक पाटावर ऑइलपेंटने नाव होतं. "सावंत, दीड दिवस." "म्हात्रे, गौरीबरोबर." आपल्याकडे बरीच घरं गणपतीच्या कितीतरी आधी आपला पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात, थोडा विसार देतात, आणि मूर्तिकार त्याच पाटावर त्यांची मूर्ती घडवतो. हे मलाही माहीत होतं. पण पाट हा कायद्याचा मुद्दा होऊ शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पॉलिसीत एक अट असते. दुसऱ्याचा माल तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेला असेल, तर तो वेगळा सांगून पॉलिसीत घालून घ्यावा लागतो. नाही घातला, तर त्याला कव्हर नाही. शिंप्याकडे तुम्ही शिवायला दिलेलं कापड जळलं, तर ते शिंप्याच्या साध्या पॉलिसीत येत नाही. ते कापड तुमचं असतं.

प्रधान सरांचं म्हणणं नेमकं हेच होतं. "पाट ग्राहकाचा. त्यावर नाव ग्राहकाचं. विसार ग्राहकाने दिलेला. मग मूर्तीही ग्राहकाचीच. बाई ती फक्त सांभाळत होत्या. दुसऱ्याच्या मालाचा क्लेम यांना कसा द्यायचा?"

ऐकायला वाईट वाटलं तरी मुद्दा पोकळ नव्हता. दामले मॅडमच्या खांद्यांवरून ते मला कळलं. मॅडमना एखादा मुद्दा लागला की त्यांचे खांदे किंचित वर जातात.

अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "हा रिवाजाचा प्रश्न आहे. मूर्ती कधीपासून ग्राहकाची होते? दोन्ही बाजूंनी पुरावा द्या." पुढची तारीख पडली.

बाहेर जिन्यात ताईंनी दामले मॅडमना गाठलं. "मॅडम, होळीपर्यंत काय ते कळेल ना? जनूदादा तेवढंच थांबणार आहे."

जनूदादा म्हणजे शेडच्या जागेचे मालक. त्यांच्या वाडवडिलांची तिथे शेती होती, आता चाळी आणि गाळे आहेत. गणपतीचा कारखाना होळीनंतर सुरू करावाच लागतो, नाहीतर मूर्ती वेळेत वाळत नाहीत. टाकी फुटली त्या वर्षी ताईंनी जवळचं सगळं घालून एकूण एक घराला मूर्ती दिली होती. काही पुन्हा घडवून, काही पेणहून आणून. त्यानंतर माती आणि रंग घ्यायलाच काही उरलं नाही. पुढचा हंगाम नवरा-बायकोने कल्याणला दुसऱ्याच्या कारखान्यात रंगकाम करून काढला. ठाकुर्लीची शेड कुलूपबंद. आता जनूदादांना तिथे गाड्या धुण्याचं सेंटर काढायला कुणीतरी विचारत होतं. होळीपर्यंत क्लेमचं कळलं नाही, तर कारखाना कायमचा गेला असता.

"कळेल," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सानिका, ग्राहकांची अ‍ॅफिडेव्हिट्स आण. मूर्ती घरी नेईपर्यंत ती कारखान्याचीच असते, असं चार-पाच जणांनी शपथेवर लिहून दिलं की झालं. सोपं काम आहे."

मॅडम ज्या कामाला सोपं म्हणतात, ते त्या स्वतः करत नाहीत.

पहिल्यांदा गेले डोंबिवली पूर्वेला, सावंतकाकांकडे. काका रेल्वेतून रिटायर झालेले. काकूंनी चहा आणि चिवडा ठेवला. मी कागद काढला आणि ठरवून आलेला प्रश्न विचारला, "काका, टाकी फुटली तेव्हा ती मूर्ती कोणाची होती?"

"कोणाची म्हणजे? आमची!" काका ताठ बसले. "अगं, आमचा गणपती गेला त्या दिवशी. हिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही."

"एक वेळ," आतून काकूंचा आवाज आला. "संध्याकाळी डोसा खाल्ला मी."

"पण काका, मूर्ती अजून वंदनाताईंकडे होती ना?"

"मुलगी होस्टेलला असली म्हणून काय वॉर्डनची होते?"

काका विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "बरं, आमची असेल, तर क्लेम आम्हाला मिळायला पाहिजे, नाही का?"

"गप्प बसा हो," काकू बाहेर येत म्हणाल्या. "मूर्ती मिळाली ना वेळेवर? तिने स्वतःचं मोडून दिली. वर क्लेम कसला मागताय?"

कल्याणला एक तरुण जोडपं होतं, दोघंही आयटीत. तो म्हणाला, "आमचाच बाप्पा यार, ऑफकोर्स." तिने फोन उघडून दाखवला. त्यांनी कारखान्यातल्या नुसत्या मातीच्या मूर्तीचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "आमचा बाप्पा घडतोय." त्यावर शंभरेक लोकांनी बदाम टाकले होते. हा फोटो प्रधान सरांना सापडू नये, अशी मी मनात प्रार्थना केली. तीही बहुधा त्याच बाप्पाला.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एक आजी तर म्हणाल्या, "आमचाच होता. शंभरात मी डोळ्यांवरून ओळखला असता."

"आजी, डोळे आखले होते का तोवर?"

"नव्हते. पण मी ओळखला असता."

मी रिकाम्या हाताने ठाण्याला परतले. दामले मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या. होस्टेलच्या वॉर्डनपर्यंत आल्यावर त्यांना ठसका लागला.

"म्हणजे आपले साक्षीदार प्रधानच्या बाजूने बोलतायत."

"हो मॅडम. आणि मनापासून बोलतायत."

"अगं, मग त्यांना नीट समजावून सांग ना."

"मी काय सांगू मॅडम? तुमचा गणपती तुमचा नव्हता, असं?" एवढं मोठं वाक्य मी मॅडमना उलट बोलले, याचं आम्हा दोघींनाही आश्चर्य वाटलं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "बरोबर आहे तुझं. सांगू नये. पढवलेला साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला पडतो. बघ काय करता येतं ते. पण लवकर बघ."

शनिवारी मी ठाकुर्लीला गेले. नक्की कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. वाटलं, जागा तरी पाहावी. ताईंनी माझ्यासाठी शेड उघडली होती. आत एका भिंतीला पाट उभे करून ठेवलेले. बऱ्याच लोकांनी ते परत नेलेच नव्हते. ताई फडक्याने एकेक पाट पुसत होत्या आणि दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जनूदादा म्हात्रे बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, हातात दोन फोन.

"हीच का वकिलीन?" त्यांनी मला न्याहाळून ताईंना विचारलं. "बारकीशी पोर हाय गो. बोलते तरी का?"

"बोलते, बोलते," ताई म्हणाल्या. "कामापुरतं बोलते. तुमच्यासारखं नाही."

"मना काय तरास नाय," दादा मला म्हणाले. "पन जागा अशी बंद ठेवून चालंल का? गाडी धुनारा रोज फोन करतो."

मी घाबरत घाबरत माझा प्रश्न त्यांनाही विचारला. त्यांचाही पाट तिथे होता, सगळ्यात मोठा. "दादा, टाकी फुटली तेव्हा तुमची मूर्ती कोणाची होती?"

"आता हा काय सवाल झाला? जागा माजी. शेड माजी. पाट माजा. गनपती पन माजाच." दादांनी दोन्ही फोन मांडीवर ठेवले आणि ताईंकडे बघून हसले. "मंग हिचा काय?"

ताईंनी फडकं झटकलं. "चिखल माझा होता, दादा. तो मी उपसलेला. तेव्हा तुम्ही कोणी आला नव्हता म्हणायला, की हा माझा आहे, थोडा मी उचलतो."

दादा जोरात हसले. "ही कवा ऐकून घेत नाय."

मी मात्र हसायची थांबले. "ताई, त्या चिखलाचं काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? गोळा केला. रंग लागलेला बाजूला काढला. बाकीचा ताडपत्रीवर वाळवला, कुटला, चाळला आणि परत मळला. शाडू काय फुकट येतो? त्याच्यातूनच जमल्या तेवढ्या मूर्ती परत केल्या ना त्या वर्षी."

"कोणाच्या मूर्तीची माती कोणाच्या मूर्तीत गेली, ते..."

"ते कसं कळणार गं? सगळा एकच ढीग होता. सावंतांचा गणपती गेला असेल दादांच्या गणपतीत."

"आनि कुनी काय बोललं नाही?" मी नकळत दादांसारखंच बोलले.

ताईंना प्रश्नच कळला नाही. "काय बोलणार?"

घरी पुजलेला गणपती चुकून दुखावला, तर त्या घरात काय होतं ते आठवून बघा. सगळे घाबरतात, गुरुजींना फोन जातो, उत्तरपूजा करून मूर्ती पाण्यात सोडतात. त्या मातीला कुणी चाळणीतून चाळत नाही. इथे इतक्या घरांचे गणपती एका ताडपत्रीवर वाळत पडले होते आणि ज्यांचे ते गणपती, त्यातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझा प्रश्न चुकीचा होता. लोकांना "कोणाचं?" असं विचारलं की ते जीव कुठे आहे ते सांगतात. कायद्याला ते नको असतं. कायदा विचारतो, मोडलं तेव्हा तुम्ही काय केलं?

मी सगळीकडे दुसऱ्यांदा गेले. या वेळी मूर्ती कोणाची, हे विचारलंच नाही.

"काका, टाकी फुटल्याचं कळल्यावर तुम्ही काय केलं?"

"वंदनाबाईंना फोन केला. म्हटलं, आमच्या गणपतीचं काय? त्या म्हणाल्या, मिळेल वेळेवर."

"मातीचं विसर्जन केलंत?"

"विसर्जन?" सावंतकाका माझ्याकडे बघत राहिले. "अगं, पूजाच झाली नाही, तर विसर्जन कसलं?"

"माती घ्यायला गेलात?"

"कशाला? ती तर त्यांनी परत मळायला घेतली होती."

"दुसऱ्या मूर्तीचे वेगळे पैसे दिलेत?"

काका एकदम संकोचले. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं होतं तिला, थोडे घे म्हणून. तिने घेतले नाहीत. म्हणाली, माझ्या शेडमध्ये मोडली, माझी जबाबदारी."

मी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. कल्याणच्या जोडप्याने तेच सांगितलं. मोहन्याच्या आजींनीही तेच, फक्त नवा गणपतीही आपण डोळ्यांवरून ओळखला, एवढी भर घालून. जनूदादांनी सही करायच्या आधी कागद तीनदा वाचायला लावला आणि विचारलं, "ह्याच्यात जागा माजी लिवलंय ना?" लिहिलं होतं.

अ‍ॅफिडेव्हिट्स टाइप करून मी दामले मॅडमपुढे ठेवली. त्या वाचत गेल्या, मान डोलवत गेल्या, आणि चिखलापाशी थांबल्या.

"ती माती परत वापरली, हे घातलंस तर प्रधान साल्व्हेज मागेल."

साल्व्हेज म्हणजे नुकसानीतून वाचलेला माल. गाडी चक्काचूर झाली तरी तिचं भंगार काहीतरी किमतीला विकलं जातं, आणि तेवढी रक्कम कंपनी क्लेममधून कापते.

"काढू का मग ते वाक्य?"

"खरं आहे ना?"

"हो."

"मग राहू दे. खरं काढायचा पगार मी तुला देत नाही."

अंतिम युक्तिवादाच्या दिवशी ताई नवी साडी नेसून आल्या होत्या. जनूदादाही आले होते, आपलं अ‍ॅफिडेव्हिट कसं वाचतात ते ऐकायला. दामले मॅडम छान बोलल्या. धोका ज्याच्या डोक्यावर, माल त्याचा. मूर्ती मोडल्यावर भुर्दंड कुणी सोसला ते बघा, असं त्यांनी मांडलं. अध्यक्ष मॅडम लिहून घेत होत्या.

मग प्रधान सर उठले. पाट, नाव, विसार हे त्यांनी परत एकदा सांगितलं. मग आमचीच अ‍ॅफिडेव्हिट्स हातात घेतली आणि गोड हसले.

"मॅडम, एक गोष्ट तक्रारदारांच्याच साक्षीदारांनी सांगितली, बरं झालं. या बाईंनी माती गोळा केली, वाळवली आणि परत वापरली. म्हणजे त्यांचं तेवढं नुकसान झालंच नाही. आयोगाला क्लेम द्यावासा वाटलाच, तर त्या मातीची किंमत साल्व्हेज म्हणून वजा व्हावी. बाईंना त्या मातीचा फायदा झालेला आहे."

दामले मॅडमचे खांदे वर गेले. त्यांना हे येणार माहीत होतं, तरी गेले. त्या उत्तरासाठी फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. माझ्या डोक्यात मात्र प्रधान सरांचं वाक्य अडकलं होतं. कुणाचं नुकसान? कुणाची माती?

मी मॅडमच्या कोटाची बाही ओढली आणि दोन वाक्यं कानात सांगितली. मॅडमनी फाइल मिटली. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "साल्व्हेजबद्दल माझी ज्युनियर सांगेल," आणि खाली बसल्या.

हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं, तर मी बाही ओढलीच नसती.

मी उठले. काहीतरी बोलले. अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "जरा मोठ्याने."

मागून जनूदादा कुजबुजले. त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते. "बोल गो पोरी!"

"मॅडम," मी म्हटलं, "मूर्ती ग्राहकांच्या असत्या, तर मातीही ग्राहकांची झाली असती. मग ती यांच्या क्लेममधून वजा करता येणार नाही. आणि माती यांच्या क्लेममधून वजा करायची असेल, तर ती यांची. मग मूर्तीही यांच्याच. आम्ही साल्व्हेज द्यायला तयार आहोत. फक्त माती कोणाची, ते प्रधान सरांनी सांगावं."

एवढंच बोलून मी बसले.

प्रधान सर लगेच म्हणाले, "मॅडम, मी हे पर्यायी म्हणून मांडतोय. मुख्य मुद्दा न सोडता." वकिलांना तसं करता येतं. मी घेतलंच नाही, आणि घेतलं असेल तर परत केलं, असं म्हणायची मुभा असते.

"पर्यायी तर पर्यायी," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या. "पण इतक्या घरांची माती एका ढिगात गेली आणि कोणी विचारायला आलं नाही. आलं का कोणी? कंपनीने एका तरी ग्राहकाचं अ‍ॅफिडेव्हिट दिलंय का, की माझी माती वापरली म्हणून?"

"नाही, मॅडम."

"तुम्ही स्वतः कल्याणचे ना? तुमच्याकडे मूर्ती कारखान्यात मोडली, तर तुम्ही माती मागायला जाल?"

प्रधान सरांनी रुमाल काढला, कपाळ टिपलं आणि घडी परत खिशात ठेवली. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर दोन-तीन उत्तरं येऊन गेली असावीत. "दुसरी मूर्ती मागायला जाईन, मॅडम," ते म्हणाले. ते चांगले वकील आहेत, पण खोटं बोलत नाहीत. मी त्यांना तेव्हापासून जास्त मानते.

बाहेर आल्यावर तेच माझ्यापाशी थांबले. "साल्व्हेज मागायला नको होतं मी," ते म्हणाले. "सवयीने मागितलं. माल बुडाला की साल्व्हेज मागायचं, इतक्या वर्षांचं डोक्यात बसलंय."

मी "हो सर" एवढंच म्हटलं. ताईंनी मात्र डब्यातला लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तिथेच उभ्याने खाल्ला.

निकाल होळीच्या आधी लागला. मूर्ती घरी नेईपर्यंत मूर्तिकाराच्याच मालकीची आणि जोखमीची असते, आधी दिलेला विसार ही फक्त ऑर्डर असते, असं आयोगाने लिहिलं. क्लेम मंजूर झाला. मातीची किंमत साल्व्हेज म्हणून वजा झाली. वाकलेल्या, उकललेल्या पाटांसाठीही विमा एजंटने क्लेमच्या वेळी भरपाई मागून ठेवली होती, ती मात्र आयोगाने नामंजूर केली. पाट हा खरोखरच दुसऱ्याचा, विश्वासाने ठेवलेला माल होता. त्या एका मुद्द्यावर प्रधान सर जिंकले.

मी ताईंना फोन केला. त्या कल्याणच्या कारखान्यात होत्या, तिथे वर्षभर काम चालायचं; मागे रंगाच्या कॉम्प्रेसरचा आवाज येत होता.

"ताई, क्लेम मिळाला. पाटांचा नाही मिळाला."

"पाट माझे होतेच कुठे?" त्या म्हणाल्या. मग कॉम्प्रेसर बंद झाल्याचा आवाज आला, आणि लांबून त्यांच्या यजमानांचा: "काय झालं?" "शेड उघडायची आपली," ताई त्यांना म्हणाल्या.

जनूदादांनी गाड्या धुणाऱ्याला दुसरा गाळा दिला. भाडंही जास्त लावलं, असं ताई सांगत होत्या.

तुमचं इस्त्रीचं, शिवणाचं, मोबाइल दुरुस्तीचं किंवा सोनारकामाचं दुकान असेल, तर आज पॉलिसी कपाटातून काढून विश्वासाने ठेवलेल्या मालाची अट वाचा आणि गिऱ्हाइकांचा माल त्यात घालून घ्या. थोडा जास्त प्रीमियम जातो. वकिलापेक्षा तो स्वस्त पडतो, हे मी वकील असून सांगते आहे. आणि एखादी वस्तू कोणाची, यावर कधी वाद झाला, तर ती धड असतानाचे दावे फार मनावर घेऊ नका. ती मोडल्यावर झाडू कोणी हातात घेतला, ते विचारा.